हजार ताऱ्यांचा गुच्छ लॅपटॉपवर कसा चालवायचा: तारकागुच्छांच्या गणितात उतरू पाहणाऱ्यांसाठी

गणित किंवा भौतिकी घेऊन एम.एस्सी. करणारे आणि खगोलाकडे वळू पाहणारे विद्यार्थी हमखास विचारतात, तारकागुच्छांच्या गतिकीवर काम करायचं तर आधी काय वाचू? वाचायला भरपूर आहे, पण या विषयात वाचनाच्या जोडीनं करण्याची एक गोष्ट आहे. स्वतःच्या हातानं एक गुच्छ बनवा, त्याचा गाभा स्वतःच्याच गुरुत्वानं आकसून कोसळेपर्यंत तो चालवा आणि नेमका तिथे आपला प्रोग्रॅम का अडकतो ते बघा. या धंद्यातले बहुतेक मोठे प्रश्न त्या अडकण्यात आहेत. हे काम जमलं तर पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाचा बराच भाग हाती लागतो. कंटाळा आला, तर हा विषय आपला नाही हेही दोन महिन्यांत कळतं, आणि तेही कमी नाही.

लागणारं सामान साधं आहे. चार वर्षं जुना लॅपटॉप चालेल. सी, सी++ किंवा फोरट्रान यांपैकी एक भाषा हवी. पायथनच येत असेल तर नंबा (पायथनचे लूप वेगवान करणारी लायब्ररी) वापरा, कारण नुसत्या पायथनच्या लूपमध्ये हे काम रखडतं. हजार ताऱ्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात आणि दर पावलाला त्या सगळ्यांमधलं आकर्षण काढायचं असतं. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत हजार बाय हजारच्या आराखड्यात (ॲरेत) तिन्ही दिशांची अंतरं साठवली तर एका आराखड्याला २४ एमबी लागतात. तेवढं चालतं, पण दहा हजार ताऱ्यांवर गेलात की तेच २.४ जीबी होतं. आणि सगळ्या संख्या ६४ बिटांत ठेवा. ३२ बिटांत का नाही, ते जोडताऱ्यांपाशी आल्यावर दिसेल.

एवढ्यावर भागतं, कारण या क्षेत्रानं याहून कितीतरी कमी सामानात सुरुवात केली होती. १९४१ मध्ये एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांची टक्कर विजेच्या दिव्यांनी 'गणली'. दर दीर्घिकेला ३७ दिवे होते आणि प्रकाश मोजायला फोटोसेल. प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणून दिव्याचा उजेड हेच गुरुत्वाकर्षण. १९६० मध्ये सेबास्टियन फॉन ह्योर्नर यांनी संगणकावर जास्तीत जास्त १६ तारे चालवले, १९६३ मध्ये स्वेर आर्सेथ शंभरावर गेले.

एकके

किलोग्रॅम, मीटर, सेकंद इथे आणूच नका. गुरुत्व स्थिरांक १, गुच्छाचं एकूण वस्तुमान १ आणि एकूण ऊर्जा उणे १/४ धरा. या एककांना आधी नुसतं 'एन-बॉडी एकके' म्हणत, आता मिशेल हेनॉन यांच्या नावानं ओळखतात. हे हेनॉन म्हणजे केऑस शिकताना भेटणाऱ्या हेनॉन नकाशाचेच हेनॉन. तारकागतिकी हेच त्यांचं घरचं क्षेत्र.

या एककांत समतोलातल्या गुच्छाची गतिज ऊर्जा ०.२५, स्थितिज ऊर्जा उणे ०.५, आणि गुच्छ ओलांडायला ताऱ्याला लागणारा काळ २√२, म्हणजे सुमारे २.८३ असतो. समान वस्तुमानाचे हजार तारे घेतले तर प्रत्येकाचं वस्तुमान ०.००१.

खऱ्या वर्षांत उतरायचं तेव्हा लांबीचं एकक पार्सेकमध्ये आणि गुच्छाचं वस्तुमान सूर्याच्या पटीत घ्या. लांबीच्या घनाला वस्तुमानानं भागा, वर्गमूळ काढा, १४.९ नं गुणा. आलेला आकडा म्हणजे वेळेचं एक एकक, दशलक्ष वर्षांत. समजा गुच्छ १००० सूर्यांचा आणि लांबीचं एकक ३ पार्सेक. २७ भागिले १०००, वर्गमूळ ०.१६४, म्हणजे एक एकक सुमारे २४.५ लाख वर्षं. वेगासाठी वस्तुमानाला लांबीनं भागून वर्गमूळ काढा आणि ०.०६५६ नं गुणा, उत्तर सेकंदाला किलोमीटरमध्ये येतं. याच गुच्छात ते १.२ किलोमीटर. उघड्या, म्हणजे विरळ आणि सैल बांधलेल्या, गुच्छातले तारे एकमेकांच्या तुलनेत इतके सावकाश फिरतात, हे पहिल्यांदा बघताना आकडा चुकला असं वाटतं. चुकलेला नसतो.

किती वेळ चालवायचं हेही आधी काढून ठेवा. गुच्छाचा रिलॅक्सेशन काल, म्हणजे ताऱ्यांच्या आपसातल्या लहानमोठ्या ओढाताणीनं त्यांच्या ऊर्जा चांगल्याच ढवळल्या जायला लागणारा काळ, असा मिळतो: ०.१३८ × ताऱ्यांची संख्या × अर्धवस्तुमान त्रिज्येचा दीडवा घात, आणि याला संख्येच्या ०.११ पटीच्या नैसर्गिक लॉगॅरिदमनं भागायचं. आपल्या गुच्छाची अर्धवस्तुमान त्रिज्या ०.७७ असेल. हजार ताऱ्यांना उत्तर २० च्या जवळ येतं. समान वस्तुमानाच्या प्लमर गुच्छाचा (तो पुढच्याच भागात बनवू) गाभा साधारण १५ ते १७ रिलॅक्सेशन कालांत कोसळतो, म्हणजे ३०० ते ३४० एककं. एवढं लांब जायच्या आधी २५६ ताऱ्यांवर सराव करा. तिथे रिलॅक्सेशन काल ७ च्या आसपास येतो आणि कोसळणं ११०–१२० वर दिसतं.

गुच्छ बनवणं

सुरुवातीला प्लमरचाच गुच्छ घ्या. एच. सी. प्लमर यांनी १९११ मध्ये गोलाकार गुच्छांच्या निरीक्षणांसाठी हे घनतेचं सूत्र वापरलं. खऱ्या गुच्छांना ते ओढूनताणूनच बसतं, पण त्याचं सगळं गणित हातानं सुटतं, म्हणून चुका पकडायला यासारखं दुसरं नाही. तारे पेरण्याची जी रीत आजही वापरतात ती आर्सेथ, हेनॉन आणि वीलेन यांनी १९७४ मध्ये दिली.

एका ताऱ्यापुरती ती हातानंच करून बघू. ० ते १ मधली एक यादृच्छिक संख्या घ्या, समजा ०.५ आली. तिचा उणे २/३ वा घात १.५८७. त्यातून १ वजा केला की ०.५८७. त्याचा उणे १/२ वा घात १.३०५. ही त्या ताऱ्याची केंद्रापासूनची त्रिज्या. ०.५ म्हणजे निम्मं वस्तुमान आत, म्हणून हीच, स्केल करण्याआधीच्या एककांत, अर्धवस्तुमान त्रिज्याही झाली.

आता दिशा. इथे नवशिक्याचा पहिला घोटाळा होतो. दोन कोन सरळ सारख्या संभाव्यतेनं निवडले तर तारे ध्रुवांपाशी दाटतात. त्याऐवजी उभा निर्देशांक थेट निवडा: (१ − २ × दुसरी यादृच्छिक संख्या) × त्रिज्या. उरलेली लांबी पायथागोरसनं काढून आडव्या प्रतलात एका यादृच्छिक कोनानं वाटून द्या.

वेगासाठी आधी त्या जागेचा मुक्तिवेग काढा: (१ + त्रिज्येचा वर्ग) याचा उणे १/४ वा घात, गुणिले √२. आपल्या ताऱ्याला तो १.१०३ येतो. ताऱ्याचा वेग याचा किती भाग असावा ते नाकारण्याच्या पद्धतीनं ठरतं. दोन यादृच्छिक संख्या घ्या, प आणि फ. प² × (१ − प²)^३.५ ही किंमत काढा. ती फ च्या दहाव्या भागापेक्षा मोठी असेल तर प ठेवा, नसेल तर दोन्ही टाकून पुन्हा काढा. प = ०.८ आणि फ = ०.६२ आले तर किंमत ०.०१८, ती ०.०६२ पेक्षा लहान, म्हणून टाका. पुढच्या वेळी प = ०.४, फ = ०.६२, किंमत ०.०८७, मोठी, म्हणून ठेवा. वेग ०.४ × १.१०३ = ०.४४१. त्याची दिशा मघाच्याच युक्तीनं, पण नव्या यादृच्छिक संख्यांनी. फ चा दहावा भाग का, तर या सूत्राची सर्वांत मोठी किंमत ०.०९२ आहे आणि ०.१ तिच्या लगेच वर बसतो.

शेवटी सगळ्या लांब्यांना ३π/१६ नं, म्हणजे ०.५८९ नं गुणा आणि वेगांना १.३०३ नं. आता आपण हेनॉन एककांत आलो.

एक अडचण बाहेरच्या टोकाला आहे. प्लमरच्या गुच्छाला कड नसते. यादृच्छिक संख्या ०.९९९ आली की तारा स्केल करण्याआधीच्या ३८.७ त्रिज्येवर जाऊन बसतो. एखादा असा तारा गुच्छाचं वस्तुमानकेंद्र ओढत राहतो. म्हणून १० च्या पलीकडचे तारे नाकारून पुन्हा काढायची पद्धत आहे. यात दीड टक्का, म्हणजे हजारांतले पंधरा तारे जातात. पण नाकारल्यावर ऊर्जेचा हिशोब थोडा हलतो, शिवाय हजारच तारे असल्यानं नशिबाचाही थोडा भाग असतो. तेव्हा क्रम असा ठेवा: वस्तुमानकेंद्र आणि एकूण संवेग शून्यावर आणा, दोन्ही ऊर्जा प्रत्यक्ष मोजा, वेग असे बदला की गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या नेमकी निम्मी होईल, आणि मग लांबी-वेग दोन्ही स्केल करून एकूण ऊर्जा उणे ०.२५ वर आणा.

पुढे जाण्याआधी ताळा बघा. आतल्या १ टक्का ताऱ्यांची त्रिज्या ०.१३, १० टक्क्यांची ०.३१, ५० टक्क्यांची ०.७७, ९० टक्क्यांची २.१८ च्या आसपास यायला हवी. पहिल्या आकड्यात फक्त दहा तारे आहेत, तो वीसेक टक्के इकडेतिकडे झाला तरी घाबरू नका. पण ५० टक्क्यांचा आकडा दहा टक्के चुकला असेल तर कुठेतरी घाताचं चिन्ह उलटं पडलंय.

चालवणं

पाठ्यपुस्तकातली रुंगे-कुट्टा इथे विसरा. दर पावलाला चार वेळा सगळी बलं काढणं परवडत नाही. गुच्छांच्या कामात १९९२ पासून, मॅकिनो आणि आर्सेथ यांच्या लेखानंतर, चौथ्या कोटीची हर्माइट पद्धत रुळली आहे. तिच्यात त्वरणाबरोबर त्वरण बदलण्याचा दरही, म्हणजे जर्क, त्याच लूपमध्ये काढतात. अंतर आणि सापेक्ष वेग हाताशी असतोच, त्यामुळे जर्क जवळपास फुकटात मिळतो.

दर जोडीसाठी त्वरण = वस्तुमान × अंतरसदिश ÷ अंतर³. जर्क = वस्तुमान × (वेगसदिश ÷ अंतर³ − ३ × अंतर आणि वेग यांचा अदिश गुणाकार × अंतरसदिश ÷ अंतर⁵). मग त्वरण आणि जर्क वापरून टेलर श्रेणीनं पुढची जागा आणि वेग भाकीत करा, त्या भाकीत जागी त्वरण-जर्क पुन्हा काढा, आणि सुधारा. त म्हणजे त्वरण, ज म्हणजे जर्क, ट म्हणजे कालपाऊल धरलं तर:

नवा वेग = जुना वेग + (त₀ + त₁) × ट/२ + (ज₀ − ज₁) × ट²/१२
नवी जागा = जुनी जागा + (जुना वेग + नवा वेग) × ट/२ + (त₀ − त₁) × ट²/१२

हजार तारे सोडण्याआधी दोन तारे सोडा. प्रत्येकाचं वस्तुमान ०.५, अंतर १, सापेक्ष वेग अंतराला काटकोनात ०.३१६. ही ०.९ उत्केंद्रतेची कक्षा झाली. जवळात जवळ अंतर ०.०५३, एका फेरीचा काळ २.४०. ठरावीक पावलानं एक फेरी चालवा आणि वाटेत ऊर्जेची सर्वांत मोठी चूक नोंदवा. फेरी संपतानाची चूक बघू नका, जाता-येताच्या चुका एकमेकींना खातात आणि प्रोग्रॅम आहे त्यापेक्षा चांगला भासतो. मग पाऊल निम्मं करून तेच पुन्हा. पावलं पुरेशी बारीक असतील तर चूक १६ पटींच्या आसपास कमी व्हायला हवी. ती चार पटींनीच कमी होत असेल तर जर्क चुकलाय. दहांतल्या नऊ वेळा ते अदिश गुणाकाराचं चिन्ह असतं: अंतर 'दुसरा वजा पहिला' असं घेतलं आणि वेग 'पहिला वजा दुसरा' असा. असा प्रोग्रॅम चालतो, चित्रंही सुरेख काढतो, फक्त तो हर्माइट नसतो.

आता पाऊल किती? गाभ्यातल्या ताऱ्याला वेळेच्या एककाचा हजारावा भाग लागतो, बाहेरच्याला दहावा पुरतो. सगळ्यांना लहान पाऊल दिलं तर बहुतेक गणन बाहेरच्या निवांत ताऱ्यांवर वाया जातं. म्हणून प्रत्येक ताऱ्याला स्वतःचं पाऊल द्यायचं. आर्सेथ यांचं सूत्र वापरा: √(०.०१ × (|त||स| + |ज|²) ÷ (|ज||क| + |स|²)), यात स आणि क म्हणजे त्वरणाचं दुसरं आणि तिसरं अवकलन. ०.०१ च्या जागी ०.०२ पर्यंत चालतं. स आणि क दोन टोकांच्या त्वरण-जर्कमधूनच निघतात, पण ती सूत्रं पावलाच्या सुरुवातीची किंमत देतात. पावलाच्या शेवटची हवी असेल तर स मध्ये ट × क मिळवायला लागतं. हे विसरलं तर प्रोग्रॅम कोसळत नाही, फक्त जवळच्या भेटींत पाऊल उशिरा लहान होतं आणि ऊर्जेच्या आलेखात मधूनच पायऱ्या दिसू लागतात.

पावलं २ च्या घातांत बसवा: १/८, १/१६, १/३२ अशी. त्यामुळे अनेक तारे एकाच क्षणी पुढे सरकतात. पाऊल निम्मं केव्हाही करता येतं. दुप्पट मात्र सध्याची वेळ नव्या पावलाच्या पूर्ण पटीत असेल तेव्हाच करायचं. ही अट गाळली की तारे हळूहळू एकमेकांच्या वेळापत्रकातून निसटतात आणि गट एकेका ताऱ्याचे होत जातात.

जोडतारा: इथेच सगळं अडतं

पहिली अडीचशे एककं बहुधा सुरळीत जातील. मग प्रोग्रॅमच्या नोंदींत सर्वांत लहान पाऊल घसरू लागेल, एका एककाला लागणारा वेळ मिनिटांवरून तासांवर जाईल आणि ऊर्जेची चूक एका झटक्यात दहा-शंभर पट होईल. लॅपटॉपला दोष देऊ नका. गाभ्यात एक घट्ट जोडतारा तयार झालाय.

तो का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. कपातला चहा उष्णता गमावली की निवतो. गुरुत्वानं बांधलेल्या गाभ्याचं उलटं आहे. मधल्या ताऱ्यांनी ऊर्जा बाहेर दिली की ते आणखी आत पडतात आणि अधिक वेगानं फिरू लागतात, म्हणजे गाभा तापतो. अधिक तापला की अधिक ऊर्जा बाहेर जाते. अंतोनोव्ह यांनी १९६२ मध्ये आणि लिंडेन-बेल व वुड यांनी १९६८ मध्ये हे गणितानं मांडलं. गाभा असा आकसत जातो, शेवटी तिथे दोन-चार डझन तारे उरतात. इतक्या दाटीत तीन तारे एकाच वेळी जवळ येतात, तिसरा ऊर्जा घेऊन सटकतो आणि उरलेले दोघे एकमेकांत अडकतात.

पुढचं काम हेगींच्या नियमाचं. डग्लस हेगी हे एडिनबर्ग विद्यापीठातले गणिती खगोलशास्त्रज्ञ. सैल जोड्या भेटीगाठींत आणखी सैल होऊन तुटतात, घट्ट जोड्या आणखी घट्ट होतात, हे त्यांनी १९७५ मध्ये सविस्तर दाखवलं. घट्ट होताना जोडी ऊर्जा सोडते आणि तीच ऊर्जा कोसळणारा गाभा थांबवते. म्हणजे जो जोडतारा तुमचा प्रोग्रॅम मारतो, तोच गुच्छाला तारतो. त्याला टाळून पुढचं भौतिक मिळत नाही.

आकडे घालून बघा. सैल आणि घट्ट यांची सीमा ताऱ्यांच्या सरासरी गतिज ऊर्जेच्या दोन तृतीयांश भागावर येते, तिला इथेही केटी म्हणतात. हजार ताऱ्यांत १ केटी = १/६०००. एवढ्या बंधन-ऊर्जेच्या जोडीचा अर्ध दीर्घ अक्ष ०.००३ असतो. १०० केटीच्या जोडीचा ०.००००३, आणि तिची एक फेरी ०.००००२३ एककांत होते. वेळेचं एकच एकक पुढे जायला त्रेचाळीस हजार फेऱ्या, आणि दर फेरीला शंभरेक पावलं. शिवाय त्या एका जोडीत गुच्छाच्या एकूण ऊर्जेचा पंधरावा भाग बांधलेला असतो, त्यामुळे तिची कक्षा एक टक्का चुकली तरी ताळेबंद बिघडतो. ३२ बिटांचा प्रश्नही इथेच सुटतो. जोडी केंद्रापासून १० एककांवर भिरकावली गेली तर तिथे ३२ बिटांतल्या लागोपाठच्या दोन संख्यांत जवळपास ०.००००००९५ चं अंतर असतं, म्हणजे जोडीच्या आकाराच्या तीन टक्के. अशा पट्टीनं ती कक्षा मोजायची तरी कशी?

यावर सोपा उतारा म्हणून सगळे सॉफ्टनिंगकडे धावतात: अंतराच्या वर्गात एक छोटा आकडा मिळवायचा, म्हणजे बल कधी अनंताकडे जात नाही. दीर्घिकांच्या टकरींसाठी ते योग्य आहे, तिथे दोन ताऱ्यांची भेट महत्त्वाची नसते. गुच्छासाठी ते धोक्याचं. सॉफ्टनिंग ०.००३ च्या वर ठेवलंत तर घट्ट जोड्या तयारच होणार नाहीत, ऊर्जेचा आलेख मात्र गुळगुळीत येईल. याहून फसवी गोष्ट या विषयात दुसरी नाही. कोसळण्याच्या आधीचाच टप्पा अभ्यासायचा असेल तर ०.०००१ सारखी किंमत घेता येते, पण आलेखाखाली ती लिहा.

खरा उपाय निर्देशांक बदलण्याचा. कुस्तानहाइमो आणि श्टीफेल यांनी १९६५ मध्ये दाखवलं की तीन मितींतली दोन ताऱ्यांची कक्षा चार मितींच्या निर्देशांकांत लिहिली आणि घड्याळ ताऱ्यांमधल्या अंतराच्या प्रमाणात हळू केलं, तर समीकरण साध्या दोलकाचं होतं. शून्य अंतराला बिघडणारं काही उरतच नाही. हे स्वतः लिहायला दोन-तीन आठवडे लागतात. गणिताच्या विद्यार्थ्यानं ते एकदा लिहावंच. बाकीच्यांनी तयार प्रोग्रॅमकडे वळावं: आर्सेथ यांच्या घराण्यातला एनबॉडी६++जीपीयू, किंवा पीटार. दोन्ही मोफत आहेत. पहिला फोरट्रानमध्ये आहे. ते वाचता येणं हे या क्षेत्रात आजही कौशल्य समजलं जातं, नाकं मुरडू नका.

मोजताना

केंद्र म्हणून वस्तुमानकेंद्र घेऊ नका. वेगानं बाहेर फेकलेले तारे ते आपल्याबरोबर ओढतात. दर ताऱ्याच्या भोवतालची घनता सहाव्या शेजाऱ्यापर्यंतच्या अंतरावरून काढा आणि त्या घनतेनं भारित केंद्र घ्या. कॅसेर्तानो आणि हुट यांची १९८५ ची ही पद्धत सर्रास वापरतात. मग १, १०, ५० आणि ९० टक्के वस्तुमानाच्या त्रिज्या वेळेविरुद्ध काढा. १ टक्क्याची रेषा घसरत जाऊन उसळी घेईल, ५० टक्क्यांची जवळपास जागीच राहील आणि कोसळल्यानंतर हळूहळू वर जाईल. ही दोन रेषांची फारकत म्हणजेच तुम्ही शोधत असलेली गोष्ट.

दुसऱ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम, तेच तारे, आणि काही काळानंतर प्रत्येक तारा वेगळ्या जागी. हा बग नव्हे. सुरुवातीचा अतिसूक्ष्म फरक गुच्छात चक्रवाढीनं वाढतो, हे मिलर यांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं. एकट्या ताऱ्याच्या वाटेवर भरवसा ठेवता येत नाही, सरासरी आकड्यांवर ठेवता येतो. म्हणून वेगवेगळ्या सीडनं (यादृच्छिक संख्या जिथून सुरू होतात त्या आकड्यानं) निदान दहा गुच्छ चालवा आणि कोसळण्याच्या वेळेची सरासरी द्या. २५६ ताऱ्यांचे वीस गुच्छ हजारांच्या एका गुच्छापेक्षा जास्त सांगतात. एकूण ऊर्जेची सापेक्ष चूक संपूर्ण धावेत एक दशसहस्रांशाच्या आत राहिली तर पुरे.

आणि हे आकडे कृत्तिकांना चिकटवू नका. खऱ्या गुच्छात ताऱ्यांची वस्तुमानं शंभर पटींनी वेगळी असतात, जड तारे आत बुडतात आणि गाभा एका रिलॅक्सेशन कालाच्याही आत कोसळू शकतो. वर ताऱ्यांचं वय होणं आणि आकाशगंगेची भरती-ओहोटीची ओढ आहेच. हायडीज गुच्छाच्या मागेपुढे त्या ओढीनं निघालेल्या शेपट्या २०१९ मध्ये गाइआ या अवकाश-दुर्बिणीच्या मोजमापांत सापडल्या. (रोहिणी तारा त्या गुच्छात दिसतो, पण गुच्छाचा नाही, तो ६५ प्रकाशवर्षांवर आणि गुच्छ दीडशेच्या पुढे.)

हे करून पुढे कुठे

पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए किंवा मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संस्थांत पीएच.डी.ला शिरताना परीक्षा आधी येते. जेस्टची, म्हणजे अशा संस्थांच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, तयारी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून करावी लागते, आणि पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या सूचनेत बघाव्यात. गणिताच्या विद्यार्थ्यांना अडतं ते बहुधा सांख्यिकी भौतिकी आणि विद्युतचुंबकत्व. भौतिकीवाल्यांना अडतं ते संख्यात्मक विश्लेषण. आयुकाच्या उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमासारखी संधी त्याआधी मिळाली तर सोडू नका.

संस्थेच्या नावापेक्षा आधी माणूस बघा. अर्काइव्हवर (arXiv, शोधलेख मोफत वाचायला मिळणारं संकेतस्थळ) गेल्या तीन वर्षांत गुच्छांच्या गतिकीवर कोण लिहितंय, कोणाचे विद्यार्थी पहिलं नाव असलेले लेख काढतायत, हे दोन संध्याकाळींत कळतं. परदेशात जायचं तर लायडन, हायडेलबर्ग, वॉर्सा या जागा प्रोग्रॅमच्या घराण्यांवरून ओळखल्या जातात: अनुक्रमे अम्यूझ, एनबॉडी६++ आणि मोक्का. यातला मोक्का एकेका जोडीचं बल काढत नाही, हेनॉन यांच्या माँटे कार्लो पद्धतीनं लाखो ताऱ्यांचा गुच्छ पटकन पुढे नेतो. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक नेमणुका, बहुधा एकाहून अधिक आणि वेगवेगळ्या देशांत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मुलाखतीला किंवा मार्गदर्शकांना लिहिताना गुच्छाचं फिरतं ॲनिमेशन पाठवू नका, ते सगळेच पाठवतात. एक पान पुरे: ताऱ्यांची संख्या, सीड, पावलाच्या सूत्रातला आकडा, सॉफ्टनिंग असल्यास किंमत, दोन ताऱ्यांच्या चाचणीत चूक किती पट कमी झाली, चार त्रिज्यांचा आलेख आणि त्याखाली त्याच वेळेच्या अक्षावर ऊर्जेच्या चुकीचा आलेख. चुकीची रेषा जिथे उसळली आहे तिथे बाण काढून कोणत्या दोन ताऱ्यांची जोडी, किती केटीची, हे लिहा. समोरचा माणूस त्याच बाणावर बोट ठेवून पहिला प्रश्न विचारेल.